नानांची चावी

नाना मला आवडत नव्हते. माणूस गेल्यावर असं लिहू नये म्हणतात, पण उलटं लिहिलं असतं तर नानांनीच उठून हरकत घेतली असती. हरकत घेणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, व्यवसाय होता. मेलबर्नमधल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाच्या बैठकीत कोणी बोलायला लागलं, की तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची करकरायची, नाना सावकाश उभे राहायचे, जाकिटाचं बटण लावायचे आणि म्हणायचे, "अध्यक्षमहाशय, मुद्दा नियमाचा आहे." अध्यक्ष म्हणजे आमचा प्रसाद. सगळे त्याला 'पश्या' म्हणत. त्याला महाशय म्हणणारा माणूस या खंडात दुसरा नव्हता.

त्यांच्या कापडी पिशवीत एक पितळी घंटा असे. बैठक चारची असली की बरोबर चारला ते ती वाजवत, मग हॉलमध्ये दोनच माणसं का असेनात. आमचे लोक साडेचारला येणार, पावणेपाचपर्यंत चहा होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नानांनाही ठाऊक होतं. तरी घंटा चारलाच व्हायची आणि उशिरा येणाऱ्याला पुढचा तासभर आपण चोर असल्यासारखं वाटत राहायचं. मी तर दोनदा नुसत्या घंटेच्या धाकाने लाल सिग्नल तोडता तोडता वाचले आहे.

ही घंटा इंग्लंडहून आली होती. नाना तिथल्या एका बाजाराच्या गावात तीस वर्षं राहिले. धान्य दळण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर होते आणि पुढे त्या गावच्या कौन्सिलवर निवडूनही आले होते. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इकडे, मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात आणलं. आल्या आल्या आम्ही त्यांचं नाव 'नगरसेवक' ठेवलं, अर्थात पाठीमागे. त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आयुष्यात पुरेसं ऐकून झालं आहे.

त्या गावाचा मला अजूनही राग येतो. कुठल्याशा राजाने सातशे वर्षांपूर्वी त्याला दर गुरुवारी बाजार भरवायची सनद दिली होती म्हणे. चौकात दगडी क्रॉस होता, धान्याच्या जुन्या बाजाराच्या इमारतीवर घड्याळ होतं, आणि वजनात मारणाऱ्या पाववाल्याला एके काळी त्याच चौकात पाय लाकडात अडकवून बसवत असत. ही शेवटची गोष्ट सांगताना नाना प्रसादकडे पाहत, कारण मागच्या वर्षीच्या दिवाळी स्टॉलवर चिवड्याची पाकिटं हलकी भरली होती. आमच्या ग्लेन वेव्हर्लीवर त्यांची मुख्य तक्रार अशी, की या गावाला मध्यच नाही. "मधोमध काय आहे? कार पार्क! माणसांनी एकमेकांना भेटायचं कुठे, दोन टोयोटांच्या मध्ये?"

"नाना, लोक शॉपिंग सेंटरमध्ये भेटतात की."

"तिथे गिऱ्हाइकं भेटतात. नागरिक नाही."

असं काही बोलले की ते स्वतःवरच खूश होत. मला तेव्हा चहाचा कप आपटावासा वाटे.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "नाना, तुम्ही तिकडे मेयर होतात का?" मला वाटलं, आता फुशारकी मारताना सापडतील. "छे," ते म्हणाले, "मी बाकं आणि कचरापेट्यांच्या समितीवर होतो. अकरा वर्षं." आणि हे त्यांनी अशा काही मानाने सांगितलं, की माझाच डाव फसला. इथे आल्यावरही त्यांनी बाकं सोडली नाहीत. स्टेशनजवळच्या एका बाकाचं तोंड भिंतीकडे होतं. नानांनी कौन्सिलला पत्रं लिहायला सुरुवात केली. ईमेल नाही, पत्रं, क्रमांक घालून. सातव्या पत्रानंतर कौन्सिलची माणसं आली आणि बाक उखडून, फिरवून, परत बसवून गेली. आता त्यावर सकाळचं ऊन येतं आणि समोर ये-जा दिसते. मी त्या बाकावर बरीच वर्षं हट्टाने बसले नाही.

माझं त्यांच्याशी वैर सुरू झालं ते वार्षिक सभेपासून. मंडळाच्या सचिवाचं काम मी आधीच पाहत होते, आता रीतसर निवडून यायची होते. पैठणी नेसले होते, पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर होती, मागे मिसळीचा रस्सा उकळत होता. प्रसादने माझं नाव घेतलं आणि तिसऱ्या रांगेतली खुर्ची करकरली.

"अध्यक्षमहाशय, मुद्दा नियमाचा आहे. सभेची सूचना चौदा दिवस आधी हवी. वैशालीताईंनी ती अकरा दिवस आधी पाठवली. त्यामुळे ही सभा सभाच नाही."

"नाना, चिल. सगळे आलेत ना?" प्रसाद म्हणाला.

"जे आले नाहीत त्यांना कळलं होतं का, हा प्रश्न आहे."

घटना काढली. घटनेत चौदाच होते. सभा रद्द झाली. लोकांनी मिसळ खाल्ली आणि घरी गेले. आई फोनवर विचारत राहिली, "झालीस का गं?" चौदा दिवसांनी मी बिनविरोध निवडून आले, पण तेव्हा पैठणी नेसायची इच्छा राहिली नव्हती. नानांनी येऊन अभिनंदन केलं आणि म्हणाले, "आता तुझी निवड कोणालाही रद्द करता येणार नाही." मी थँक्यू म्हटलं नाही.

मंडळाची शनिवारची मराठी शाळाही मीच चालवत होते. कौन्सिलच्या हॉलमध्ये सकाळी दहा ते बारा. वीसेक मुलं, तीन शिक्षिका. ही शाळा मी शून्यातून उभी केली होती आणि ती माझ्या जिवाचा तुकडा होती, हे इथे स्पष्टच सांगते. हॉलची चावी नानांकडे असे, कारण साडेनऊला येऊन खुर्च्या मांडणारा दुसरा कोणी नव्हता. खुर्च्या मांडून झाल्या की ते कधी कधी मुलांना गोष्ट सांगत. गोष्ट एकच होती, आणि ती अर्थातच त्या गावाची होती.

एका हिवाळ्यात तिकडे इतका बर्फ पडला की रस्ते बंद झाले. गुरुवार आला. बाजाराला कोणी येणं शक्य नव्हतं. पण गावाची समजूत अशी, की एकही गुरुवार बाजार चुकला तर राजाने दिलेला हक्क जातो. तेव्हा नाना गुडघाभर बर्फातून घंटा घेऊन चौकात गेले. तिथे एक म्हातारी टोपलीत सहा अंडी घेऊन येऊन बसली होती. तिलाही तीच काळजी. नानांनी घंटा वाजवली, तिच्याकडून एक अंडं विकत घेतलं, दोघं घरी गेले. "झाला बाजार!" नाना मुलांना सांगत. "विकणारा एक आणि घेणारा एक, एवढं असलं की बाजार भरला."

"बट नाना, कुडन्ट दे जस्ट डू इट ऑनलाइन?" आमच्या अर्णवने विचारलं होतं.

नानांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पोराने पुढचे तीन शनिवार तोंड उघडलं नाही.

मग तो गणपती आला. हॉलमध्ये दीडशे माणसांची परवानगी होती आणि आरतीला त्याहून कितीतरी जास्त लोक आले होते. मागचा दरवाजा महाप्रसादाच्या टेबलाने अडला होता. नानांनी प्रसादला तीनदा सांगितलं, टेबल हलव. प्रसाद तीनदा म्हणाला, "नो वरीज नाना, फाइव्ह मिनिट्स." टेबल हललं नाही. सोमवारी नानांनी कौन्सिलला पत्र लिहिलं. आपल्याच मंडळाची तक्रार, क्रमांक घालून, खाली सही करून. आम्हाला ताकीद आली. असं पुन्हा घडलं तर हॉल मिळणार नाही.

आम्ही चौघं त्यांच्याकडे गेलो. प्रसाद दारातच सुरू झाला. "नाना, आपल्याच लोकांची कम्प्लेंट? कोणी करतं का असं?"

"मी तुला तीनदा सांगितलं."

"अहो, पण बाहेर कशाला? घरातल्या घरात..."

"मागचा दरवाजा बंद होता, प्रसाद. आत लहान मुलं होती. आगीला मराठी येत नाही."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला तिथे उभं असतानाच कळत होतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. मी ताडकन म्हटलं, "नाना, हॉलची चावी द्या."

"ठराव झालाय?"

"व्हॉट्सॲपवर झालाय. सगळ्यांनी थम्स-अप दिलाय."

"व्हॉट्सॲपवर ठराव होत नाही," नाना म्हणाले. पण आत जाऊन त्यांनी चावी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. दार लावताना एवढंच बोलले, "मी त्या गावात गेलो ना वैशाली, तेव्हा मला तिथे कोणी ओळखत नव्हतं. तीनदा निवडणूक हरलो. पण नियम मला ओळखत होता. नियम पाठ असला की आपल्याला कोणी हाकलू शकत नाही." गाडीत प्रसादने त्यांची नक्कल करून दाखवली आणि आम्ही सगळे हसलो. मीच सर्वांत मोठ्याने.

त्यानंतर आम्ही त्यांना वाळीत टाकलं. मुद्दाम हा शब्द वापरते, कारण झालं तेच होतं. दिवाळीचा निरोप नाही, संक्रांतीचा तिळगूळ नाही, ग्रुपमधून काढलेलं. दुकानात समोर आले की मी डाळींच्या रांगेत वळायची. नाना मात्र आपले हातात पिशवी घेऊन सरळ चालत. दहा महिने असे गेले. हॉल मी उघडायला लागले आणि खुर्च्या मांडताना माझी पाठ दुखायला लागली, तेव्हासुद्धा राग त्यांचाच आला.

पुढच्या जुलैत शाळांना सुट्टी लागली, म्हणून मी दोन शनिवार वर्ग रद्द केले. तिसऱ्या शनिवारी तिन्ही शिक्षिका फ्लूने आडव्या. चौथ्या शनिवारी मी सिडनीला, टूनगॅबीला बहिणीकडे बारशाला गेले होते आणि चावी माझ्याच पर्समध्ये होती. व्हॉट्सॲपवर 'नो क्लास धिस वीक' टाकलं, तीसेक थम्स-अप आले, काम झालं. परत आले तर कौन्सिलची ईमेल. कायमचं बुकिंग असलेला हॉल सलग चार शनिवार वापरला नाही तर बुकिंग संपतं. शाळा चार आठवडे भरलेली दिसत नाही, असं पालकांपैकीच कोणीतरी बोलल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. एक डान्स क्लास वर्षभर वेटिंगवर होता. वर्ग झाल्याची नोंद असेल तर शुक्रवारपर्यंत दाखवा.

नोंद कुठून असणार? मी दुसरे हॉल शोधले, एकही शनिवारी रिकामा नव्हता. रात्रंदिवस डोक्यात एकच, की माझी शाळा माझ्याच हातून गेली. शेवटी लाज गिळून नानांच्या घरी गेले. कौन्सिलमध्ये नानांच्या पत्रांना सगळे वैतागलेले असले, तरी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत, हे मला माहीत होतं. नाना खूप वाळले होते. स्वेटर अंगावर लोंबत होता. मी तब्येत विचारली नाही. सरळ मुद्द्यावर आले. "नाना, त्या चार शनिवारी वर्ग झाले असं एक पत्र तुमच्या सहीने द्याल का?"

"म्हणजे खोटं लिहू?"

"मुलांसाठी, नाना."

"खोटं लिहिणार नाही."

मी उठले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पाहावं अशी अजिबात इच्छा नव्हती. दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून आवाज आला, "हॉलच्या दाराशी टेबलावर वही असते. कोण आलं, कशासाठी आलं, लिहायची. वर्षभरात कधी उघडलीस?"

मी कधीच उघडली नव्हती. ती वही फक्त नाना लिहीत असत, आणि आम्ही त्यालाही हसत असू.

हॉलवर केअरटेकर कोस्तास होता. पन्नास वर्षांपूर्वी ग्रीसहून आलेला, कपाळावर कायम आठ्या असलेला म्हातारा. मी वही उघडली. चारही शनिवारी नानांच्या टोकदार अक्षरात एकच नोंद होती. मराठी वर्ग, दहा ते बारा. शिक्षक एक. विद्यार्थी एक. खाली विद्यार्थ्याची सही. पहिल्या शनिवारची सही ग्रीक होती. चौथ्या शनिवारची देवनागरीत, थरथरत, काना जरा लांब गेलेला: कोस्तास.

"कोस्तास, व्हॉट इज धिस?"

"एव्हरी सॅटर्डे ही वॉक पास्ट. नो किड्स, सो ही नॉक. नो की. आय ओपन," कोस्तास म्हणाला. "ही से, सिट. आय से, आय हॅव्ह टॉयलेट टू क्लीन. ही से, सिट. सो आय सिट. यू नो नाना." मग त्याने खिशातून एक चिमुकली वही काढली. त्यात ओळीने गिरवलेलं होतं: घर, दार, मीठ, अंडं. "धिस वन, एग," तो मला समजावू लागला. "व्हेरी हार्ड."

मी त्या लहान मुलांच्या खुर्च्यांपैकी एकीवर बसले.

शुक्रवारी कौन्सिलच्या मिशेलने वही पाहिली, पानं उलटली, नोंदी पुन्हा वाचल्या. एकच विद्यार्थी कसा, असं ती विचारणार म्हणून मी उत्तर घोकून गेले होते. तिने विचारलंच नाही. "वेल," ती म्हणाली, "इफ मिस्टर दाबके रोट इट, इट हॅपन्ड." बुकिंग राहिलं. शाळा राहिली.

आता इथे मी नानांच्या पाया पडले असं लिहिता आलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या नावाने त्यांचं पत्र आलं. सचिवांनी चार शनिवार शाळा बंद ठेवली, पालकांना रीतसर सूचना दिली नाही, पर्यायी व्यवस्था केली नाही, याची नोंद कार्यवृत्तात व्हावी. क्रमांक एक ते तीन. मी ते पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि ओट्यावरचं भांडं भिंतीवर फेकलं. माणसाने वाचवावं आणि वर छड्याही माराव्यात? नवरा म्हणाला, "अगं, पण त्यात चूक काय आहे?" त्या दिवशी त्याला पोळ्या मिळाल्या नाहीत.

राग उतरायला आठवडा गेला. मग मी चावी घेतली आणि त्यांच्याकडे गेले. ते खिडकीशी बसले होते, पायांवर शाल होती. मी चावी पुढे केली. "नाना, घ्या. चुकलं आमचं."

त्यांनी हात पुढे केला नाही. "ठराव झालाय?"

"नाना, प्लीज!"

"तू ठरावाशिवाय घेतलीस, ती एक चूक. ठरावाशिवाय देतेस, ही दुसरी. उद्या कोणीही म्हणेल, वैशालीच्या मर्जीने चावी फिरते. सभा बोलाव. विषय लिही. चौदा दिवसांची सूचना दे. मी येतो घ्यायला." मग म्हणाले, "मला ती हवी आहे गं. पण अशी नको."

मी दात-ओठ खात घरी आले आणि त्याच संध्याकाळी सूचना काढली. ईमेलने, विषयासकट, चौदा दिवस मोजून. आयुष्यात पहिल्यांदा एकही दिवस कमी नाही.

नाना दहाव्या दिवशी गेले. आजार मुलाला आणि त्यांना ठाऊक होता. आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं. मी आजही हिशोब करते, की अकरा दिवसांची सूचना चालली नव्हती, म्हणजे नऊची चालणार नव्हतीच, पण तरी काढली असती तर? आणि मग त्यांच्यावरच चिडते. चौदाचा हट्ट त्यांचाच होता.

सभा ठरल्या दिवशी झाली. चार वाजता आम्ही सगळे हजर होतो आणि घंटा वाजली नाही. विषय मी वाचून दाखवला: हॉलची चावी श्री. नाना दाबके यांना सन्मानपूर्वक परत करण्यात यावी. सूचक मी. अनुमोदक हवा होता. दाराशी उभ्या असलेल्या कोस्तासने हात वर केला, पण तो सभासद नव्हता, आणि नियम नियम होता. मग प्रसाद उठला. "लिही माझं नाव," तो म्हणाला. "आणि पश्या नको लिहूस. प्रसाद लिही. अध्यक्ष."

ठराव एकमताने मंजूर झाला. कार्यवाही कोणी करायची, त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.

नानांनीच लावलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला राहिलेली कामं वाचायची असतात. तेव्हापासून दर महिन्याला चार वाजता मी उभी राहते आणि पहिलं काम वाचते: नानांची चावी परत करणे, प्रलंबित. कोणी हसत नाही. हा विषय यादीतून काढायचा तर ठराव लागतो, ठरावाला सूचक लागतो, आणि सूचक अजून कोणी झालेलं नाही.